होकार देण्याआधी: सावदा ते काकरापार, तापीच्या काठाकाठाने

उशिराबद्दल आधी माफी मागतो. पौषात केलेला प्रवास वैशाखात लिहितो आहे. उनपदेवच्या गरम झऱ्यांवर आणि मांडूच्या किल्ल्यावर मी जे लिहिलं होतं, ते खरं तर मी बोलायचो आणि माझी नात दीपाली टाईप करायची. आता दीपाली इथे नाही. मी फोनवर एका बोटाने अक्षरं शोधत लिहितो. 'ज्ञ' सापडायला मला दोन दिवस लागले. ज्यांनी खाली विचारलं होतं की आबा आजारी आहेत का, त्यांना सांगतो, आजारी नाही. काळजीत आहे. पण ती माझी जुनीच सवय आहे.

मी सावद्याचा, केळी लावणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत. वय शहात्तर. बस पुलावर चढली की पलीकडचं टोक येईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. असा माणूस अणुवीज पाहायला का गेला, त्याचं कारण एक पत्र.

दीपाली माझ्या धाकट्या मुलाची मुलगी. जळगावला इंजिनीअरिंग करून तिथल्याच एका कारखान्यात दोन वर्षं नोकरी करत होती. तिने घरात न सांगता एक परीक्षा दिली आणि निवड झाल्याचं पत्रच आलं. आपल्याकडे समुद्रकाठी एक मोठं अणुवीज केंद्र व्हायचं आहे. त्यात एका परदेशी कंपनीची भागीदारी आहे. यंत्र त्यांचं, जमीन, बांधकाम आणि माणसं आपली. निवडलेल्या मुलांनी आधी दीड वर्ष त्यांच्या देशात राहायचं, त्यांच्या चालू केंद्रावर काम शिकायचं, मग इथे येऊन चालवायचं. हो की नाही ते पंचवीस दिवसांत कळवायचं होतं. तिचा बाप म्हणाला, आबा हो म्हणतील तर जा. म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर.

किरणांची भीती मी घरात बोलून दाखवली. परक्या मुलखात पोर एकटी कशी राहील, हेही बोललो. तिसरी भीती मात्र मी कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगायची तर माझा जुना मूर्खपणा सांगावा लागला असता. इथे सांगतो.

आमच्याकडे पूर्वी बसराई केळी असायची. आपल्याच बागेतले चांगले कंद निवडायचे, सोलून, धुऊन पुन्हा लावायचे. पीक यायला दीड वर्ष. मग प्रयोगशाळेतली रोपं आली. जात बाहेरच्या देशातली, ठिबकची पद्धतही बाहेरची. पहिल्या वर्षी माझ्या बागेत असे घड लागले की रावेर-यावलहून लोक बघायला आले. अख्खी बाग एकदम कापायला येते, वर्षाच्या आत. मी खोटं बोलणार नाही, त्या रोपांनी आमचं घर उभं केलं. आणि त्याच आनंदात मी बसराईचे शेवटचे कंद उपटून बांधावर फेकले. पुढे एका वर्षी रोपंच आली नाहीत. नोंदणी केलेली, जमीन तयार, ठिबक अंथरलेलं, आणि रोपं नाहीत. मी कंद मागत गावोगाव हिंडलो. कोणाकडे नव्हते, सगळ्यांनी माझ्यासारखेच फेकलेले. शेवटी यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका म्हातारीच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर बसराईचं बेट वाढलेलं दिसलं. तिने मला सहा कंद दिले. तेव्हापासून विहिरीच्या कडेला माझी बसराईची एक रांग असते. बाजारात तिला कोणी विचारत नाही. गावातली पोरं तिला आबाचं म्युझियम म्हणतात.

तर माझी भीती ही होती. परक्याचं यंत्र आणायचं, चालवायला शिकायचं, आणि एक दिवस त्याने हात काढून घेतला तर? माझी केळी एक वर्ष बुडाली. इथे तर माझ्या नातीचं अख्खं आयुष्य त्या यंत्राला बांधलं जाणार होतं.

मी आठ दिवस हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. दीपालीच वैतागून म्हणाली, "आबा, न बघता कायले घाबरता? बघून घाबरा." आणि तिने काकरापारला पत्र टाकलं. तिथलं अणुवीज केंद्र गुजरातेत आहे, पण आपल्याला सगळ्यात जवळ. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, परवानगी आधी मागावी लागते आणि लगेच मिळत नाही. आमची बाराव्या दिवशी आली. शुक्रवारी प्रदर्शन बघायची वेळ मिळाली, होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता.

गुरुवारी सकाळी सावद्याहून निघालो. बरोबर एक पिशवी, माझ्या गोळ्या, आधार कार्डाच्या चार प्रती आणि दोन डझन केळी. पंचाहत्तरीच्या वर एस.टी.त मला शून्याचं तिकीट मिळतं, दीपालीला अर्धं. वाटेत केळीच्या गाड्या भरत होत्या. भुसावळच्या अलीकडे तापीचा पूल लागतो. डावीकडे लांबवर कोळशावरच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. मी पुलावर गप्प होतो, पण पूल संपल्यावर विचारलं, कोळशाची राख तर दिसते, अणूची राख कुठे टाकतात? दीपाली म्हणाली, ते तिथेच विचारू.

जळगावात उतरलो. थंडीत जळगावला जाऊन भरीत न खाता परत येणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. स्टँडजवळ भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या पोटभर खाल्ल्या, दोघांचे दोनशेच्या आत झाले. उन्हाळ्यात जाल तर भरिताचा नाद सोडा, ती हिरवी वांगी तेव्हा नसतात.

जळगाव-धुळे रस्ता आता रुंद झाला आहे. गाड्या इतक्या जोरात जातात की मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. शेजारी पारोळ्याचे कापडवाले शेठ बसले होते. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं घर मारवाडातून इकडे आलं. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडतच होतं. मी गोष्ट सांगितल्यावर त्यांनी आधी बाहेरच्या भागीदाराचे फायदे सांगितले. भांडवल येतं, तयार माल येतो, आपण पन्नास वर्षांत शिकू ते दहा वर्षांत हाताला लागतं. विजेची भूक तर वाढतच चालली आहे, त्यांच्या दुकानातच आता तीन एसी आहेत. मी म्हटलं, मग काळजी कशाची? तर हसले.

"आबा, दुकान छान चाललं की भागीदार बाजूला बसतो. आग लागली की तो त्याच्या गावी असतो. करारात आगीचं पान कुठे आहे ते आधी वाचायचं. बाकीची पानं नंतर."

पारोळ्याला उतरताना त्यांनी दीपालीच्या हातावर बडीशेप ठेवली आणि म्हणाले, बेटा, जा मात्र. दुकान बघितल्याशिवाय दुकानदारी येत नाही. मला राग आला. एकाच तोंडाने दोन्ही गोष्टी सांगून माणूस उतरून गेला.

धुळ्यात मुक्काम देवपुरात, माझ्या मावसबहिणीकडे. तिला सगळे अक्का म्हणतात. तिचे यजमान गुलाबनाना माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. त्यांच्याकडे उतरण्यामागे माझा हेतू होता. नाना तरुणपणी राजस्थानातल्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर होते. तिथे परदेशी इंजिनीअरांच्या हाताखाली काम केलेला माझ्या ओळखीतला हा एकच माणूस.

दुपार उतरत होती. ओट्यावर ऊन आलं होतं. अक्काने चहा दिला, शेवभाजीची तयारी आत चालली होती. नानांनी पत्र्याच्या पेटीतून एक वही काढली. लांबडी, कापडाच्या पुठ्ठ्याची. पानापानावर पेन्सिलीने काढलेली यंत्रं, झडपा, नळ्यांची वळणं. कोपऱ्यांवर तेलाचे अंगठे उमटलेले. अक्का आतून म्हणाली, "मन्हापेक्षा त्या वहीलेच जास्त जपतस ह्या." नानांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

परदेशी माणसांबद्दल नाना वाईट बोलले नाहीत. फार चांगली माणसं होती म्हणाले. झडप हाताने कशी घासून बसवायची, जोडाला चूक राहिली तर ती कबूल कशी करायची, हे त्यांनीच शिकवलं. एक साहेब तर यांच्याबरोबर बाजरीची भाकरी थापायला बसायचा. दिवसभर त्यांच्यासोबत काम करायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन जे पाहिलं ते वहीत काढायचं, असा नानांच्या मुकादमाचा दंडक होता. पोरं कुरकुरायची. मग पोखरणला स्फोट झाला, आणि त्यांच्या सरकारने मदत थांबवली.

"पोर, एक सकायले पाह्यं तर त्यास्नी खोका बांधेल," नाना दीपालीला म्हणाले. "दुसरी भट्टीनं काम अर्धंच व्हतं. जे आम्हना वहीस्मा व्हतं, तेवढंच ऱ्हायनं."

मी म्हटलं, पहा, मी हेच म्हणत होतो. नानांनी मला हाताने थांबवलं. पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. काम थांबलं नाही. फार रेंगाळलं, वर्षानुवर्षं रेंगाळलं, पण आपल्या लोकांनी ते पुरं केलं. ते आले नसते तर पहिली वीट बसायला किती काळ गेला असता कोण जाणे. आणि ते अखेरपर्यंत राहिले असते, तर आपण कदाचित वह्या लिहिल्याच नसत्या. दोन्ही खरं आहे, म्हणाले, यातलं एकच सांगणारा माणूस तिथे नव्हता असं समज.

मग नानांनी दीपालीला विचारलं, तू कारखान्यात काय करते ते तुझ्या आबाला सांग. ती सांगू लागली. तिच्या तोंडी इंग्रजी शब्दांची रांग लागली. दाब, तापमान एवढे दोन शब्द मला कळले. मी मान हलवत होतो, नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी वही मिटली.

"तुले येत नही," ते म्हणाले. "घरना म्हतारा मानूसले समजाडता उनं नही, ते आपले येतच नही. आम्हना मुकादम असंच इचारे. ज्याले सांगता येत नही, त्याले दुसरे दिन झाडू."

दीपालीचा चेहरा उतरला. पहिल्या नंबराची पोर आहे, असं तिला कोणी म्हटलेलं नव्हतं. शेवभाजी तिने अर्धीच खाल्ली. मला नानांचा राग आला आणि त्यांचं पटलंही.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीने निघालो. साक्रीच्या बाजूला माळावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्या दिवशी वारा पडलेला होता, एकही पातं हलत नव्हतं. दीपालीने तिकडे बोट दाखवलं. कोंडाईबारीच्या घाटात धुकं होतं. थंडीत जाणाऱ्यांनी घाट उजाडल्यावरच उतरावा. मी चालकाला दोनदा विचारलं की समोरचं दिसतं का. तिसऱ्यांदा विचारायच्या आत तो म्हणाला, आबा, तुम्हीच गाणं म्हणा, म्हणजे मला जाग राहील. अख्खी बस हसली. मी खिडकीकडे तोंड केलं.

नवापूरला सीमा लागते. तिथून पुढची गाडी गुजरातची. मी आपलं कार्ड पुढे केलं तर कंडक्टर म्हणाला, काका, ते तुमच्या राज्यात. पूर्ण तिकीट काढलं. व्याराला उतरून रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन आणि थांबून सहाशे सांगितले, पाचशेवर आला.

आता जे दिसलं ते मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

रस्ता उसाच्या शेतांमधून जातो. एका वळणावर ऊस संपला आणि समोर ते उभे होते. दोन राखाडी घुमट, आणि त्यांच्या मागे कमरेत आवळलेले मनोरे, इतके उंच की मान मागे टाकावी लागली आणि टोपी पडली. एका मनोऱ्यातून पांढरी वाफ निघत होती. आवाज नाही. मला वाटलं होतं धडधड असेल, जमीन हादरत असेल. शेतात बगळे चरत होते. एक बाई बांधावर गवत कापत होती, तिने वर पाहिलंही नाही. एवढ्या मोठ्या शक्तीचं इतकं शांत असणं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी रिक्षातून उतरलो आणि चप्पल काढली. दीपाली म्हणाली, आबा, हे देऊळ नाही. मला ते माहीत होतं. तरी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

फोन फाटकावर जमा करावे लागतात, म्हणून या लेखात फोटो नाहीत. आधार कार्ड पाहतात, पिशवी तपासतात. माझ्या केळ्यांकडे पहारेकऱ्याने बराच वेळ पाहिलं. आत भट्टीजवळ आपल्याला नेत नाहीत, प्रदर्शन दाखवतात. दाखवणारे साहेब निघाले शिरपूरचे, म्हणजे आपल्याकडचेच. मराठी ऐकून मला जरा धीर आला.

त्यांनी इंधनाचा नमुना हातात दिला. हातभर लांबीची नळ्यांची मोळी, पोकळ, नुसती दाखवायची. आत भरायची ती गोळी बोराएवढी. एवढ्याशा गोळ्यांच्या उष्णतेवर गावंच्या गावं उजळतात, हे ऐकून मी ती मोळी जपून खाली ठेवली, जणू ती खरीच होती. मग मी किरणांचं विचारलं. साहेब म्हणाले, थोडी किरणं सगळीकडे असतात, जमिनीत, दगडात, तुम्ही आणलेल्या केळ्यातही. मी म्हटलं, माझ्या केळ्यात? तर म्हणाले, बागेला पोटॅश टाकता ना, त्यातलाच एक अगदी बारीक अंश. मी पन्नास वर्षं हाताने पोटॅश टाकलं आहे. स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिलो. साहेबांनी लगेच सांगितलं, त्याने काही होत नाही. पण भट्टीतलं तसं नाही, तिथलं खरोखर जपावं लागतं, म्हणून तर एवढ्या जाड भिंती. त्यांनी गोड करून सांगितलं नाही, हे मला आवडलं.

राखेचंही विचारलं. वापरलेलं इंधन पाण्याच्या खोल टाक्यांत वर्षानुवर्षं ठेवतात, त्यातलं कामाचं परत काढतात, उरतं ते काचेत बंद करून सांभाळतात. किती वर्षं सांभाळायचं, म्हटलं. साहेब म्हणाले, आपल्या दोघांच्या नातवंडांच्या नातवंडांनाही सांभाळावं लागेल. ती भीती मी तशीच घेऊन आलो आहे, तिला उतारा मिळाला नाही.

मग मी खरा प्रश्न विचारला. यात परक्यांचं किती आणि आपलं किती?

साहेब म्हणाले, या प्रकारच्या भट्टीचं मूळ परक्यांकडून आलं. पण खिडकीतून दिसतात ते दोन मोठे घुमट आखले आपण आणि बांधले आपण. युरेनियम थोडं आपलं, थोडं बाहेरून येतं. मी म्हटलं, स्वतःचं येतं तर समुद्रकाठी पुन्हा परक्यांना का बोलावता? त्यांनी बोटांवर मोजून न दाखवता शांतपणे सांगितलं. गरज फार मोठी आहे. त्यांची यंत्रं आणखी मोठी, दुसऱ्या प्रकारची, त्यांचा अनुभव वेगळा, बरोबर कर्जही देतात. पण त्या यंत्राला त्यांच्या पद्धतीचं इंधन लागतं आणि बऱ्याच सुट्या भागांसाठी त्यांच्याचकडे बघावं लागतं.

"म्हणजे रोपही त्यांचं आणि खतही त्यांचं," मी म्हटलं.

साहेब हसले आणि म्हणाले, तुम्ही आमच्या बैठकीला यायला हवं होतं. मग मी शेठांचं आगीचं पान विचारलं. अपघात झाला तर भरून कोण देणार? ते गंभीर झाले. या पानावरच वर्षानुवर्षं वाटाघाटी अडतात, म्हणाले, आणि अडायलाच हव्यात. केळी त्यांना देऊन आलो. त्यांनी तिथेच एक सोलून खाल्लं.

रिक्षावाल्याला थोडं थांबवून आम्ही नदीवर गेलो. काकरापारला तापीवर जुना बंधारा आहे, त्यावरून पाणी चादरीसारखं उतरतं. ही तीच तापी. आमच्या हतनूरच्या धरणातून सुटलेलं पाणी केळीच्या मुळांशी थांबून, भुसावळच्या पुलाखालून, उकाईच्या मोठ्या जलाशयातून इथवर येतं. या मुलखातली भट्टी त्याच्यावर थंड होते आणि इथली वीज तारांवरून फिरून आपल्या राज्यातही येते. मी ज्या पाण्याला रोज बघतो, त्याने एवढं काम केलेलं मला शहात्तर वर्षं माहीत नव्हतं. पाण्यात पाय सोडून बसलो. भीती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी काहीतरी फार मोठं येऊन बसलं होतं.

दीपाली शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, आबा, आजी खीर कशी गरम करायची? मी म्हटलं, पातेल्यात पाणी उकळायचं आणि खिरीची वाटी त्यात ठेवायची, म्हणजे खीर लागत नाही.

"तसंच आहे," ती म्हणाली. "भट्टीच्या पोटात फिरतं ते पाणी वेगळं. ते दुसऱ्या पाण्याला शिवत नाही, वाटीच्या बाहेरून फक्त ऊब देतं. त्या दुसऱ्याची वाफ होते, ती चाक फिरवते. आणि हे नदीचं तिसरं पाणी. ते वाफेला थंड करून परत पाणी करतं. तिघं एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळू नयेत म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचं, ते माझं काम."

मला सगळं कळलं. एक शब्द अडला नाही. मी सातवी शिकलेला माणूस अणुभट्टी समजून तापीच्या काठावर बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आलं का सांगता? मी म्हटलं, आलं.

मग मी तिला बसराईची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. बांधावर कंद फेकल्याची. तिला रांग माहीत होती, कारण माहीत नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "पण नुसती फळं खाऊन येऊ नको. कंद घेऊन ये."

तिने अट विचारली नव्हती, तरी मी घातली. दर रविवारी एक पान लिहायचं. मराठीत, हाताने. त्या आठवड्यात जे शिकली ते मला कळेल असं. जे सांगायची मनाई असेल ते नाही लिहायचं, पण जे दाखवलं नाही, ते दाखवलं नाही असं लिहायचं. ती म्हणाली, आणि तुम्ही बसराई वाढवायची. ठरलं.

परत येताना तापीच्या बाजूने धावणारी रेल्वे घेतली, व्याराहून भुसावळ. रस्त्यापेक्षा स्वस्त, आणि पूल आले तरी मला कमी भीती वाटली. सोमवारी तिने होकार कळवला. होळीनंतर ती गेली.

घरी आल्यावर काय उरलं ते तोलून पाहतो. ती वाफ अजून डोळ्यांपुढे आहे. आमच्या फीडरला थ्री फेज आली की मोटार सुरू करताना मी आता क्षणभर थांबतो, ही वीज कुठून कुठून आली असेल म्हणून. शेठ, नाना आणि साहेब, तिघांनी मला एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगितली. पारोळ्याला आलेला राग आता उरलेला नाही. परका नसता तर माझे घड वाढले नसते, हे मी नाकारू शकत नाही. आणि विहिरीच्या कडेची रांग मी काढणारही नाही. बसराईचे पाच कंद नवे लावले आहेत. जुन्यातली एक निसवली आहे, केळफुलाचं लाल कमळ खाली वाकलं आहे.

दीपालीची सात पानं आली. फोटो काढून फोनवर पाठवते, मी मुलाकडून छापून घेतो आणि पेटीत ठेवतो. ती इथे देणार नाही, तो तिचा आणि माझा करार आहे. एवढंच सांगतो की पहिल्या पानात थंडीच होती, तिसऱ्या पानात पंप होते आणि मला कळले. सातव्या पानाच्या शेवटी तिने लिहिलं आहे, "इथे एक कपाट आहे, त्यातले आराखडे आम्हाला दाखवत नाहीत. करारात आहे असं आमचे लोक म्हणतात. मी दर आठवड्याला विचारते. पुढच्या पानात कळवते."

ते पुढचं पान आलेलं नाही. दोन रविवार गेले. फोनवर तिच्या आईशी दोन मिनिटं बोलली, बरी आहे म्हणाली, कामाची गर्दी आहे म्हणाली. पानाचं काही बोलली नाही. पानांची अट कळल्यापासून दर सोमवारी धुळ्याहून गुलाबनानांचा फोन येतो. नमस्कार नाही, काही नाही. "पान उनं का?" एवढंच विचारतात. मी नाही म्हटलं की, बरं, म्हणतात आणि ठेवतात.

वाचणाऱ्यांपैकी कोणाची मुलं अशा कामावर बाहेर गेली असतील, तर त्यांना ती कपाटं उघडून मिळाली का, मला खाली लिहून कळवा. आणि दीपाली, तू हे वाचशील हे मला ठाऊक आहे, टायपिंगच्या चुका काढायला तरी वाचशील. कपाट उघडलं नसेल तर उघडलं नाही, एवढी एक ओळ लिही. पान कोरं असलं तरी पाठव. मात्र या रविवारी पाठव. नाना सोमवारी फोन करणार आहेत.